दारातला मुरूम

चकलांबा, ८ जानेवारी २०२४

दादा, पाया पडते.

अजिनाथ दूध घेऊन रोज उमापूरला जातो, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते. तुला फोन लावायचा तर तुझ्या सुनेला मधी घालावं लागतं. मी बोलायचं, मंगलनं कागदावर लिहायचं, मंग तू वाचायचं. खडी फोडायच्या मशीननं तुझे कान खाल्ले तवापासनं आपलं बहीण-भावाचं बोलणं सारं सुनेच्या अक्षरात चाललंय. त्यापरीस मीच लिहिते. चौथी शिकले ती कामाला येऊ दे.

काम असं हाय. सडकेपासनं दारापतोरची साठ पावलांची वाट पक्की करायचीय. दाराकडची निम्मी मुरमाची हाय, लखनच्या बापानं जितेपणी टाकलेली. सडकेकडची निम्मी काळी माती. मागच्या आखाडात काय झालं ते तुला ठाऊक हाय. धनश्रीला कळा लागल्या, जीप काळ्या चिखलात रुतली, आन् बाजेवर घालून नेता नेता ती वाटंतच मोकळी झाली. लेकरू हाती लागलं न्हाई. आता ती आन् माझा लखन कर्नाटकात ऊस तोडायलेत आन् तिला परत तिसरा महिना लागलाय. फोनवर म्हणली, "आत्याबाई, वाट झाल्याबिगर मी पावसाळ्यात तिथं राहणार न्हाई." तिचं काय चुकलं? हे लेकरू मला जाऊ द्यायचं न्हाई, दादा. त्यासाठी गळ्यातलं इकावं लागलं तरी इकीन.

तू तीस वर्षं सडकेच्या कामावर मुकादम होतास. डांबर टाकू, सिमेंट टाकू, गट्टू टाकू, का फरशी? माझी एकच अट. खोदायचं न्हाई. कावून ते विचारू नको. काल एक ठेकेदार आलता. म्हणला, मोठ्या सडकेच्या कामातलं डांबर उरलंय, स्वस्तात टाकतो, खोदायची गरजच न्हाई. तुला विचारून सांगते म्हणले.

तुझी रतन

———

उमापूर, १२ जानेवारी

रतन, आशीर्वाद.

अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच हाय, पण कळलं.

आधी त्या ठेकेदाराचं. उरलेलं डांबर असं जगात काही नसतं. तीस वर्षं रोलरच्या मागं चाललो, पाटीभर उरलेलं बघितलं न्हाई. ही माणसं जळक्या ऑईलमधी खडीची बारीक कच कालवतात. काळंभोर दिसतं, पहिल्या उन्हात चपलेला चिकटतं, पहिल्या पावसात वाहून जातं. त्याला ओळखायचं सोपं हाय. सारखं घड्याळ बघंल आन् म्हणंल, माल गाडीत गरम हाय, आत्ताच हो म्हणा. आधी कुणाचं काम केलं विचारलं की लांबच्या गावाचं नाव सांगंल. निम्मे पैसे आधी मागंल, कागदावर सही मागितली की हसंल. बाईमाणूस एकटं बघून दुपारच्यालाच येतो तसला माणूस. त्याला पाणी बी पाजू नको.

आता तुझी अट. ती खुळ्याची हाय. आपली काळी माती पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात तडकती. तिच्यावर सोन्याचा पत्रा अंथर, तो बी गिळंल. फूटभर खोदायचं, माती काढायची, दगड बसवायचे, वर मुरूम, पाणी मारून रोलर. त्यावर मंग तुझ्या आवडीचं काय ते. काँक्रीट सगळ्यात टिकाऊ, पण एकदा ओतलं की ओतलं. सिमेंटचे सुटे गट्टू बरे, खाली काही झालं तर उचलून परत लावता येतात. शहाबादी फरशी पावसात घसरती, पोटुशी बाई चालायची हाय म्हणल्यावर नावच काढू नको.

आन् कावून खोदायचं न्हाई गं? दाजींनी हंडा पुरून ठेवलाय का?

घाई करू नको. माझा रामेश्वर पंधरा दिवसांनी कंपनीतनं सुट्टीवर येईल, त्याला पाठवून माप घेतो.

सुग्रीव

———

चकलांबा, १७ जानेवारी

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली तवा उशीर झालता.

तो माणूस शुक्रवारी दुपारी आला. तू लिहिलंस तसाच घड्याळ बघत हुता. मी म्हणले, खोदणार न्हाईस ना? तर लेकराच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखी शपथ घेतली त्यानं. तू खोदायलाच सांगणार हे मला आधीच ठाऊक हुतं, म्हून तुझ्या चिठ्ठीची वाट न बघता हो म्हणले. चूक माझी हाय.

शनिवारी सकाळी वावरात तुरी काढायला गेले. दुपारी येऊन बघते तर काळ्या वाटंला फावडं न्हाई लावलेलं, तिच्यावर नुसतं डांबर शिंपडलंय. आन् दाराकडची मुरमाची वाट फूट-दीड फूट खणून मोकळी. मुरूम ट्रॉलीत भरून गेला बी हुता, खड्ड्यात दगडगोटे टाकून वर काळं ओतायलते. मी त्याच्या अंगावर धावले. तो म्हणला, "मावशी, माती तर फेकायचीच असती. तिचं काय लोणचं घालायचंय?"

मला डांबराचं दुःख न्हाई. पैसे गेले, जाऊ दे. माझी माती शोध, दादा. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर निळा मोर काढलेला हाय, एवढंच मी बघितलं. सगळे ट्रॅक्टरवाले तुझ्या ओळखीचे हायत. चार दिवस झाले, सडकेनं जाणारी हरेक ट्रॉली बघायलेय. सारी माती पाहिजे, एक टोपलं बी कमी नको.

रतन

———

उमापूर, २१ जानेवारी

रतन,

शहाणपण गहाण ठेवून आलीस आन् आता मातीसाठी रडायलीस. तुला ठकवलं कसं ते कळलं का? डांबर हे नुसतं निमित्त. दाजींचा तो मुरूम धा-पंधरा पावसाळे खाऊन बसलेला, असला मुरूम खाणीत मिळत न्हाई. त्यानं तुझ्याकडनं डांबराचे पैसे घेतले आन् तुझाच मुरूम दुसऱ्याला इकला. एका दारातलं उचलायचं, दुसऱ्या दारात टाकायचं, असा धंदा हाय.

मोर काढलेल्या ट्रॉल्या जिल्ह्यात पन्नास असतील. मी कुठं कुठं बघू? पाय धड चालत न्हाईत. गेला तो गेला. तुला दोन ट्रॉल्या नवा मुरूम रामेश्वर पाठवील.

सुग्रीव

———

चकलांबा, २ फेब्रुवारी

दादा,

नवा मुरूम नको.

अजिनाथ सांगत हुता, तुझ्या फाटकापासनं उंबऱ्यापतोर बी संक्रांतीच्या आधी मुरूम पडलाय. लालसर, बसलेला, जुना. मंगलचा सडा त्यावर लई चांगला बसतो म्हणला. तू मला दोन चिठ्ठ्या लिहिल्यास, त्यात हे कावून न्हाई लिहिलंस?

माझं दार आता लई मुकं झालंय. आधी असं न्हवतं. मी सकाळी सडा टाकायचे तवा दोन शब्द बोलायचे, बोललेलं कुणीतरी ऐकायलंय असं वाटायचं. आता बोलले तरी आवाज त्या काळ्या थरावरच पडून राहतो. शेळी त्यावर पाय देईना, दावं ओढून कडंनं जाती.

कुणाकडनं घेतलास तेवढं सांग.

रतन

———

उमापूर, ३ मार्च

रतन,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी न्हवती.

हो, मुरूम घेतलाय. बारा तारखेला तुझी चिठ्ठी लिहून अजिनाथकडं दिली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकात ट्रॉली आली. मी मूठभर घेऊन पाणी टाकून दाबला. मूठ उघडली तर लाडू जसाच्या तसा. चिकणमाती न्हाई, गोटा न्हाई. मला कळलं हा कुणाच्या तरी पायाखालचा हाय. तरी घेतला, कारण असला मुरूम मी तीस वर्षांत दोनदाच बघितला. मोराचं म्हणशील तर माझ्या ध्यानात न्हाई.

दुसरं एक लिहायचंय. हसू नको.

मागच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी ओसरीत बसलो हुतो. ऊन चांगलं तापलं हुतं. मला लेकरू रडल्याचा आवाज आला. रतन, मला. माझ्या कानाशी ढोल वाजवला तरी कळत न्हाई. आन् हे साफ, जवळून, तान्ह्या लेकराचं रडणं. मी उठून बघितलं, फाटकात कुणी न्हाई. मंगलला विचारलं, तिनं खुणेनं सांगितलं, काहीच न्हाई ऐकू येत. शेजारी तान्हं लेकरू न्हाई. तवापासनं रोज येतो. दुसरं काही ऐकू येत न्हाई, तेवढंच येतं.

आन् सड्यावर खुणा उठतात. मंगल सडा टाकून चूल पेटवायला आत जाती, तेवढ्यात उठतात. दोन तळहात, दोन गुडघे, फाटकापासनं उंबऱ्यापतोर. लेकरू रांगत आल्यावर उठतात तशा. माघारी फिरलेली एक बी न्हाई. मंगल घाबरत न्हाई, मलाच भ्या वाटतं. ती त्यावरनं झाडू फिरवत न्हाई, कडंनं झाडती.

तुझ्या मातीत काय हुतं, रतन?

सुग्रीव

———

चकलांबा, ५ मार्च

दादा,

माझी पोरगी हाय ती. माझी नात.

तुमाला सगळ्यांना सांगितलं की वावराच्या बांधावर पुरली. खोटं हुतं. त्या दिवशी ती वाटंत जन्मली, एकदा रडली, मोठ्यानं, आन् थांबली. लखन ऊसतोडीच्या मुकादमाकडं आगाऊ उचल आणायला गेलता. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत न्हाईत हे तुला ठाऊक. आपल्या आजीचं बोलणं बी तुला आठवत असंल, उंबऱ्यासमोर ठेवलेलं लेकरू वाट इसरत न्हाई, त्याच आईच्या कुशीत माघारी येतं. धनश्री ओल्या अंगानं उठून बसली आन् म्हणली, दारातच ठेवा. मी हातानं मुरूम उकरला. उंबऱ्यापासनं सात पावलांवर, माझ्या जुन्या इरकलीत गुंडाळून. आमा दोघींशिवाय कुणाला ठाऊक न्हाई. लखनला बी न्हाई.

आता कळलं ना कावून खोदायचं न्हाई म्हणत हुते? आन् तीन महिन्यांत धनश्रीला दिवस गेले तवा आमा दोघींना ठाऊक हुतं कोण माघारी यायलंय.

जगली असती तर आता रांगलीच असती.

पाडव्याला धनश्री घरी येणार हाय. ती आल्या आल्या त्या सात पावलांवर जाऊन उभी राहील. मी तिला काय दाखवू, जळकं ऑईल? फोनवर सांगत हुती की ऊसतोडीच्या अड्ड्यावरच्या नर्सबाईनं तपासलं, सगळं बरं हाय, पण इतकं शांत लेकरू आपण बघितलं न्हाई म्हणली. पाचवा महिना चाललाय आन् पोटात हालचाल न्हाई. दादा, निम्मी इकडं आन् निम्मी तिकडं झालीय ती.

माझी माती पाठव. गाडीभाडं मी देते. हाता-पाया पडते तुझ्या.

रतन

———

उमापूर, २८ एप्रिल

रतन,

तू दोनदा येऊन गेलीस ते मला ठाऊक हाय. फाटकाला कुलूप मीच लावलं हुतं. आतनं बघत हुतो. तू दुसऱ्यांदा आलीस तवा पायात चप्पल न्हवती.

खोटं बोलत न्हाई आता. ट्रॉलीवर मोर हुता. निळाच हुता. तुझी चिठ्ठी आली त्याच दिवशी मला कळलं हुतं की मुरूम तुझा हाय. तवा लाज वाटली, म्हून दडवलं. तीस वर्षं दुसऱ्याला शहाणपण शिकवलं, आन् बहिणीच्या दारातला चोरीचा माल घेतला हे कुठल्या तोंडानं लिहू? पण तवा आत कोण हाय ते ठाऊक न्हवतं.

आता लाजेची गोष्ट न्हाई. मंगलला तिसरा महिना लागलाय.

अकरा वर्षं, रतन. गेवराई झालं, बीड झालं, छत्रपती संभाजीनगरचे डॉक्टर झाले. रामेश्वर तर आशा सोडून बसलता. बारशाला, डोहाळजेवणाला कुणी तिला बोलवत न्हवतं. आता ती चालताना पोटावर हात ठेवती. मी तिला असं हसताना लग्नापासनं बघितलं न्हवतं.

तुझी धनश्री बाविशीची हाय. तिला धा होतील. एकदा दारात आलेलं लेकरू मी माघारी कसं लावू? तूच सांग.

तू परत येशील, पाटी-फावडं घेऊन येशील, हे मला ठाऊक हुतं. म्हून महिन्यापूर्वी काँक्रीट ओतलं. उभं आयुष्य दुसऱ्याच्या चोऱ्या बघत काढलं, हे एक काम मातर मी मन लावून केलं. मुरूम हालवला न्हाई, जागेवरच धुम्मसनं ठोकून बसवला. वर प्लॅस्टिक, लोखंडाची जाळी, एकास दोनास चार सिमेंट-वाळू-खडी, पाणी वाटीनं मोजून. सहा इंच. फाटकापासनं उंबऱ्यापतोर एकसलग. पन्नास वर्षं केसाएवढी भेग पडणार न्हाई.

एवढं एकच हाय की रडणं थांबलं न्हाई. आता खालून येतं. काँक्रीटला एकवीस दिवस पाणी मारायचं असतं, तसं मी सकाळ-संध्याकाळ मारत हुतो, आन् पाणी पडलं की ती गप व्हायची. लेकराला पाजल्यावर होतं तसं. आज एकतिसावा दिवस हाय. पाणी मारायची गरज न्हाई, तरी मारतोय. थांबवलं की परत चालू होतं.

मंगलला यातलं काही ठाऊक न्हाई. तिला कळू देऊ नको, तुला माझी शपथ हाय.

सुग्रीव

———

चकलांबा, १२ जुलै

मंगल, बाई, आशीर्वाद.

ही चिठ्ठी तुझ्या सासऱ्याला न्हाई. अजिनाथला सांगितलंय की तुझ्याच हातात द्यायची. संग दादाची एप्रिलची चिठ्ठी आन् माझ्या मार्चच्या चिठ्ठीची नक्कल ठेवलीय. आधी त्या दोन्ही वाच, मंग हे पुढचं वाच.

वाचल्या का?

धनश्री पाच तारखेला गेवराईला मोकळी झाली. इथं वाट उरलीच न्हवती. मिरगाच्या पहिल्या सरीतच बरंचसं डांबर ओघळून सडकेला गेलं, म्हून तिला आधीच तिच्या बहिणीकडं ठेवलं हुतं. पोरगी झाली. अडीच किलोची, हातपाय नीट, केस कपाळापतोर.

ती रडत न्हाई, मंगल. जन्मली तवा बी रडली न्हाई. डॉक्टरनं चिमटा घेतला, पायावर टिचक्या मारल्या. तोंड उघडती, चेहरा लाल होतो, डोळ्यातनं पाणी गळतं, आवाज न्हाई. गळा तपासला, छाती तपासली. डॉक्टर म्हणतो काहीच बिघाड न्हाई, आवाज कावून येत न्हाई कळंना. रात्रीची भुकेली झाली तर कळत न्हाई, म्हून धनश्री झोपत न्हाई, नुसती तिच्या तोंडाकडं बघत बसती. आठ दिवसात पोरीचं पाव किलो वजन उतरलंय. असंच चाललं तर मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलंय, पण तिथं बी काय सापडणार हाय ते मला ठाऊक हाय.

तिचा आवाज तुमच्या दारात हाय. तुझा सासरा रोज ऐकतोय.

मी तुला काय मागायलेय ते मला कळतं. अकरा वर्षं तू काय सोसलंस ते बी मी बघितलंय. माझी जीभ झडून जावो, पण दुसरं कुणाला मागू? तुला जमलं न्हाई तर मी तुला बोल लावणार न्हाई. धनश्री बी लावणार न्हाई, तसं तिनं मला सांगायला लावलंय.

तुझी आत्या, रतन

———

उमापूर, १६ जुलै

रतन,

हे लिहायला हात धड चालत न्हाई, फोड आलेत.

काल सोमवारी सकाळी मी ओसरीत हुतो. मंगल माजघरातनं पहार घेऊन आली. तुझ्या चिठ्ठ्या तिनं माझ्या मांडीवर टाकल्या आन् उंबऱ्याबाहेर गेली. मी आडवा झालो. तिनं मला हातानं बाजूला केलं. माझ्या तोंडाकडं बघून एक एक शब्द सावकाश बोलली, मला ओठांवरनं कळावं म्हून. "मामंजी, दुसरीचं लेकरू मला नको."

पाचवा महिना भरलाय तिचा. तिनं पहार उचलली आन् मारली. टवका बी उडाला न्हाई. तूच बघ, चोरट्यांच्या कामात बोट घातलं तर भोक पडतं, आन् मी आयुष्यात एकदा चोख काम केलं ते हे. ती मारत राहिली. मी तिच्या पाया पडलो. मंग मला बी राहवंना, दुसरी पहार घेतली. सांधा कुठं कच्चा असतो ते मला ठाऊक, उंबऱ्याच्या कडंला. तिथनं धरलं. जाळी कापायला शेजारचा तात्याबा आला. 

खालचा मुरूम उघडा पडला, ओला, लाल. मंगल गुडघ्यावर बसून हातानं उकरायला लागली. मला रडणं ऐकू यायलतं, इतकं जोरात की डोकं फुटंल असं वाटलं. मंग तिच्या हाताला कापड लागलं. हिरव्या काठाचं. आन् आवाज थांबला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झालते. तवापासनं मला काही ऐकू येत न्हाई. पहिल्यासारखा ठार बहिरा झालोय.

कापड जसंच्या तसं मुरमासकट नव्या गोणीत घातलंय. बाकीचं काँक्रीट तात्याबाच्या पोरांनी रात्रीपतोर फोडलं, खालचा मुरूम शंभर गोण्या, आज अजिनाथच्या टेम्पोत खेपा करून पाठवतोय. टोपलंभर बी मागं ठेवला न्हाई, झाडून घेतलाय.

तिकडं काय झालं ते कळव. मला माफ करू नको, पण कळव.

सुग्रीव

———

चकलांबा, १९ जुलै

दादा,

गोण्या पोचल्या. लखननं उरलेलं काळं सारं खरडून काढलं. त्याला मी आता सगळं सांगितलंय. तो बांधावर जाऊन आला आन् खोरं हातात घेतलं. धनश्री काल गेवराईहून घरी आली, तिनं आपल्या हातानं ते कापड परत सात पावलांवर ठेवलं. वर मुरूम घातला. पावसाळा सरला की त्यावर गट्टू बसवू, सिमेंट न लावता, कडा दगडानं बांधून. सडकेकडची काळी वाट फूटभर खोदून दगड भरायचेत, ते काम लखन स्वतः करणार हाय. ठेकेदार नको म्हणला.

पोरगी रडली. सोमवारी सकाळी गेवराईला धनश्री तिला न्हाऊ घालत हुती, मी जवळच हुते, तवा. अशी रडली की शेजारच्या तीन बाया धावत आल्या. अर्धा तास थांबंना. धनश्री तिला घेऊन नुसती हसत हुती. वेळ मी बघितली न्हाई, पण शाळेची प्रार्थना नुकतीच सुटली हुती, म्हंजे तुझीच वेळ. आता दिवसातनं धा वेळा रडती, कान किटतात. नाव अंजू ठेवलंय.

तुला माफ करायचं का न्हाई ते मला अजून कळत न्हाई. तू भाऊ हायस, एवढंच कळतं.

तू सगळं लिहिलंस, पहार, जाळी, गोण्या, घड्याळ. मंगलचं पुढं काय झालं ते काहीच लिहिलं न्हाईस. तिनं काल जेवण केलं का, ती उठून बसती का, एक अक्षर न्हाई. मी अजिनाथला विचारलं, "मंगल बरी हाय ना रे?" त्यानं दुधाचं माप खाली ठेवलं, म्हणला, "सोमवारपासनं वयनी पोटावर हात ठेवत न्हाईत," आन् टेम्पो चालू करून निघून गेला.

रतन